बाटलीवरची पाठ

पोटच्या पोरीची उघडी पाठ दुकानाच्या फळीवर एका रांगेत चौदा बाटल्यांवर दिसली, तर कोणत्याही आईचं जे होईल तेच लॅबवालीचं झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. ती आली होती साखर घ्यायला. साखर राहिली बाजूला, तिने एक बाटली उचलली आणि दिव्याखाली धरून नीट बघितली.

बाटली कपडे धुण्याच्या हिरव्या द्रवाची होती. वर एक पान काढलेलं, त्याखाली ‘घरगुती, सौम्य, बाळाच्या त्वचेला सुरक्षित’, आणि त्याखाली दोन फोटो. पहिल्यावर लिहिलं होतं ‘आधी’. त्यात दोन वर्षांच्या मुलीची पाठ होती, मानेपासून कमरेपर्यंत लालभडक पुरळ आणि मधूनमधून नखांनी ओरबाडल्याच्या रेघा. दुसऱ्यावर ‘नंतर’, आणि तीच पाठ स्वच्छ, नितळ. डाव्या खांद्याखालचा तीळ दोन्हींत होता. तो तीळ रोज चोळून धुणारी बाई तिथेच उभी होती आणि दुकानदार तिलाच सांगत होता, “घ्या मॅडम, लहान मूल असेल घरात तर हेच घ्या.”

“खरंच फरक पडतो?” तिने विचारलं.

“फोटोच छापलाय की! आणखी काय पाहिजे?”

तिने बाटली विकत घेतली. सूड घ्यायचा तर पुरावा हाताशी हवा, एवढी अक्कल तिला रागातही होती.

लॅबवाली हे तिचं सासरचं नाव. शाळेच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं तयार करणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं हे तिचं काम. लग्नानंतर आठव्या दिवशी नणंदेने गमतीने ‘आमची लॅबवाली’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला ते आवडायचं नाही, पण ती हसायची. सुनेला पहिली दोन-तीन वर्षं हसण्याची नोकरीच असते, त्यात सुट्टी नाही.

नणंद म्हणजे ताई. लॅबवालीच्या नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिचा नवरा अचानक गेला आणि ती आईकडे, दोन गल्ल्या पलीकडे राहायला आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपली ही. पण ताई संपणारी नव्हती. आईच्या घरामागे मोटार ठेवायची रिकामी जागा होती, तिथे तिने तीन निळी पिंपं आणून ठेवली आणि कपडे धुण्याचं द्रव करायला लागली. कुठल्याशा वर्गाला जाऊन ती शिकून आली होती. पिंपात पाणी, त्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण, मग ॲसिड स्लरी नावाचा काळपट, मधाइतका घट्ट पदार्थ, शेवटी हिरवा रंग आणि लिंबाचा वास. कॉस्टिक आणि स्लरी यांनी एकमेकांना बरोबर मारलं पाहिजे, सगळी कला तिथेच. कॉस्टिक जास्त झालं तर कपड्याचं आणि कातडीचं काही खरं नाही.

हे जमलं की नाही ते ताई बोटांनी ठरवायची. कधी उजव्या, कधी डाव्या हाताची चार बोटं पिंपात बुडवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. चुरचुरलं तर आणखी स्लरी ओतायची, नाही चुरचुरलं तर बाटल्या भरायच्या. पहिल्या वर्षी माल खरोखर चांगला होता, हे लॅबवालीसुद्धा कबूल करत असे. तिने तेव्हाच म्हटलं होतं, “ताई, आमच्याकडे तपासायचा कागद असतो. बुडवला की रंग बदलतो, लगेच कळतं. आणून देऊ का?”

“कागद कशाला?” ताई म्हणाली होती. “बोट आहे की माझं! बोटाला सगळं कळतं.”

सासूबाईंनी लेकीकडे कौतुकाने पाहिलं होतं आणि सुनेकडे नुसतंच पाहिलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण कुण्या सुनेनेच काढली असणार.

तर अशा या घरात एक अलिखित कायदा होता: ताईला दुखवायचं नाही. तिने खूप सोसलंय. ताईने दिलेली बाटली कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी दिसलीच पाहिजे, कारण ताई दर रविवारी भावाकडे जेवायला येते आणि हात धुवायला जाताना बाटलीकडे नजर टाकते. लॅबवालीने हा कायदा चार वर्षं पाळला. मग चिमणीच्या पाठीवर पुरळ आलं.

चिमणी म्हणजे तिची मुलगी. आधी मानेवर चार पुळ्या आल्या, मग खांद्यांवर, मग सगळी पाठ पेटली. मूल दुपारी झोपेतून रडत उठायचं आणि भिंतीला पाठ घासायचं. सासूबाई म्हणाल्या, उष्णता. शेजारीण म्हणाली, दात. लॅबवालीने फोनवर घरच्यांच्या गटात फोटो टाकला आणि विचारलं, कुणाला काही उपाय माहीत आहे का? ताईने सगळ्यांदेखत उत्तर दिलं: “कपडे नीट खळबळत नसशील गं. साबण राहतो. दोनदा पाण्यातून काढत जा. जरा अंग मोडून काम कर.” खाली सतरा जणांनी पसंतीचे अंगठे टाकले होते. नवऱ्याचाही एक अंगठा त्यात होता.

ती दोनदा खळबळायला लागली. काही फरक पडला नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई मात्र वेगळंच बोलल्या. “मलम देते,” त्या म्हणाल्या, “पण आधी सांगा, कपडे कशात धुता?”

“घरचंच आहे. नणंद करते.”

“वास येतो का कपड्यांना?”

“खूप.”

“मग तेच आधी बंद करा. लहान मुलाच्या कपड्यांना वास नको, रंग नको, कपडे मऊ करायचं ते द्रवही नको. साधी, बिनवासाची पावडर घ्या. सांगितलंय त्याच्या निम्मीच टाका आणि एक पाणी जास्त काढा. ज्या कपड्याला कशाचाच वास येत नाही तो स्वच्छ, हे आपल्या लोकांना पटत नाही, त्याला मी काय करू?”

त्या संध्याकाळी लॅबवालीने शाळेतून आणलेला कागद ताईच्या बाटलीत बुडवला. साबण म्हटला की कागद निळसर व्हायचाच, ते तिला ठाऊक होतं. हा जांभळा झाला, आणि बघता बघता शाईसारखा काळा. ती स्वयंपाकघरात तो कागद हातात धरून कितीतरी वेळ उभी होती. पुरळ आल्यावरही आठ महिने ती आपल्या हाताने आपल्या मुलीला ह्यात धुतलेले कपडे घालत होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात तासभर होती. एकेक डबा उचलून मागचं बारीक अक्षर वाचत होती. ‘नैसर्गिक’ लिहिलेले डबे तिने पहिल्यांदा बाजूला काढले. नैसर्गिक तर सापही असतो. पानं-फुलं काढलेले गेले, ‘हलका सुगंध’ वाले गेले, आत काय आहे ते सांगायचीच ज्यांना लाज वाटत होती ते गेले. शेवटी अगदी खालच्या फळीवर धूळ खात पडलेला एक पांढरा पुडा तिच्या हाती लागला. चित्र नाही, वास नाही, आतला प्रत्येक पदार्थ छापलेला. घरी येऊन तिने चिमूटभर पावडर पाण्यात टाकली, कागद बुडवला. फिकट निळा. तिने चिमणीचा एकूण एक कपडा, चादरी, टॉवेल, स्वतःचे गाऊनसुद्धा, कारण पोर अंगावरच झोपते, सगळं त्या पावडरीत पुन्हा धुतलं.

आणि इथे तिने ती चूक केली, जी फक्त सुनाच करतात.

नवरा म्हणाला, “ताईला कळलं तर?” म्हणून पांढरा पुडा चपलांच्या कपाटात, बुटाच्या खोक्यात गेला आणि हिरवी बाटली यंत्राशेजारी जशीच्या तशी राहिली. ती भरलेलीच दिसली तर ताई विचारेल, म्हणून लॅबवाली दर शनिवारी त्यातलं थोडं ओतून न्हाणीघराची फरशी घासायची. फरशी अशी निघायची की तोंड बघून घ्यावं. सहा आठवड्यांत चिमणीची पाठ साफ झाली. तिने गटात दुसरा फोटो टाकला आणि लिहिलं, “बरी झाली एकदाची!” कशाने, ते लिहिलं नाही. कायदा पाळला.

ते दोन फोटो आता चौदा बाटल्यांवर होते. आणि शहरात दुकान काही हे एकच नव्हतं.

घरी जाऊन तिने नवऱ्यासमोर बाटली आपटली. त्याने चष्मा वर करून पाहिली.

“अगं, पाठच तर आहे,” तो म्हणाला. “तोंड थोडंच दिसतंय?”

तिने ताईला फोन लावला. ताईचा आवाज आनंदी होता. “बघितलंस? कशी छापलीय! माझ्याच भाचीची पाठ, परक्याची का आहे? आणि खरं सांगू, राग मानू नकोस. तुला धुता येत नव्हतं. मी दोनदा खळबळायला सांगितलं आणि माझं द्रव चालूच ठेवलंस, म्हणून उतरलं. मी सगळ्यांना सांगते हो, आमची भावजय शिकली एकदाची.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ऐकल्यावर माणूस ओरडतो तरी किंवा गप्प तरी बसतो. लॅबवाली गप्प बसली. तिने दात-ओठ खाल्ले, पण फोनवर आवाज जाऊ दिला नाही. घरात भांडलं की ते घरात मुरतं, हे तिला कळून चुकलं होतं. ताईने तिला चारचौघांत नालायक ठरवलं होतं, तर ताईला चारचौघांतच खोटं पाडायचं. माफी नको होती तिला. माफी हा शब्द फार स्वस्त झालाय. तिला ताईचा चेहरा पडलेला बघायचा होता, आणि तो बघायला पुष्कळ बायका हव्या होत्या.

पुढच्या रविवारी वसाहतीच्या सभागृहात घरगुती वस्तूंचं प्रदर्शन होतं. ताईचं टेबल दाराजवळच. मागे सासूबाई खुर्चीवर बसून पिशव्या उलगडत होत्या. टेबलावर बाटल्यांचा मनोरा आणि मधोमध काचेचं एक मोठं भांडं, त्यात काठोकाठ हिरवं द्रव, पाण्याचा थेंब न घातलेलं. समोर वीसेक बायका. लॅबवालीने चिमणीला तिच्या बापाकडे ठेवलं होतं, आणि पर्समध्ये कागदाची अख्खी गुंडाळी घेतली होती.

“ही आमची भावजय,” ताईने तिला पाहताच सगळ्यांना सांगितलं. “शाळेत असते, प्रयोगशाळेत. फोटोतली मुलगी हिचीच.”

“अय्या, हो?” एक बाई म्हणाली. “मग तुम्ही तर साक्षीदारच!”

“साक्षीदारच आहे,” लॅबवाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “म्हणूनच आलेय. ह्यानेच माझ्या मुलीची पाठ भाजली. बरी झाली ती हे बंद केल्यावर. हा बघा कागद. साध्या पावडरीत तो फिकट निळा होतो. आता ह्यात बघा.”

तिने कागद बुडवला. तो जांभळा झाला, मग काळा. तिने तो उंच धरला. वर्षानुवर्षं मुलांसमोर तिने हे केलं होतं आणि मुलं दरवेळी ‘आऽ’ करायची. इथे कुणी ‘आ’ केलं नाही. पुढच्या बाईने कागद हातात घेतला, निरखला आणि म्हणाली, “रंग छान आलाय हो.”

ताई हसली. “अगं, तुझा कागद भाजला असेल. आपण काय कागदाचे कपडे घालतो?”

सगळं सभागृह हसलं. सासूबाईही हसल्या. आयुष्यभर ज्या कागदावर तिने विश्वास टाकला होता तो इथे रद्दीच्या भावाचा होता.

“आणि विषारी म्हणतेस?” ताईला आता चेव आला होता. तिने बाही वर सारली आणि उजवा हात मनगटापर्यंत भांड्यात घातला. “हे घ्या. पाच वर्षं झाली, रोज बुडवते. विषारी असतं तर हात राहिला असता का?”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “हातच्या कंकणाला आरसा कशाला!”

मग लॅबवालीने जे केलं ते प्रयोगशाळेत कुणी मुलाने केलं असतं तर तिने त्याला कान धरून बाहेर काढलं असतं. तिनेही बाही वर सारली आणि आपला हात त्याच भांड्यात, ताईच्या हाताशेजारी घातला.

“ठरलं,” ती म्हणाली. “जिचा हात आधी निघेल ती खोटी.”

आधी नुसतं बुळबुळीत लागलं. हे बुळबुळीत काय असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, आपल्याच कातडीवरचं तेल साबण होऊन सुटत असतं. मग नखांच्या मुळाशी ऊब आली. मग उबेची चुरचुर झाली आणि चुरचुरीची आग. अंगठ्यापाशी सुरीचा जुना ओरखडा होता, तिथे कुणी सुई टोचून फिरवत असल्यासारखं झालं. तिने जबडा आवळला. टेबलापलीकडे ताई लिंबाच्या वासाबद्दल सांगत होती, कोणता अर्क, किती महाग, कपाट उघडलं की कसा दरवळतो. तिच्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलत नव्हती. बायका एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. लॅबवालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि एकीने ते बघितलं.

हरले, तिच्या मनात आलं. हात काढणार तेवढ्यात तिने खाली पाहिलं.

ताईच्या तर्जनीपासून एक बारीक काळपट धागा हिरव्या द्रवात वर चढत होता. ती वाकली. तर्जनी कापलेली होती, चांगली खोल, कातडीचा एक तुकडा झडपेसारखा हलत होता. सकाळी खोके उघडताना पातं लागलं असणार. त्या उघड्या चिरेत कॉस्टिक जात होतं आणि ताई लिंबाबद्दल बोलत होती.

लॅबवालीला एका क्षणात सगळं कळलं. पाच वर्षं कॉस्टिकमध्ये बुडवून बुडवून ती बोटं मेली होती. त्यांची टोकं गुळगुळीत, चकचकीत झाली होती, त्यांवर एक रेघ उरली नव्हती. पिंपात काहीही असलं तरी त्यांना चुरचुरणार नव्हतं. ताई दरवेळी डोळे मिटून मेलेल्या बोटांना विचारत होती आणि ती दरवेळी ‘ठीक आहे’ म्हणत होती. ताई खोटं बोलत नव्हती. तिला माहीतच नव्हतं.

त्या क्षणी ताईच्या कानाशी लागून सांगता आलं असतं. बाजूला चला, तुमचं बोट कापलंय. एवढं पुरलं असतं, बाकीचं घरी बोलता आलं असतं. लॅबवालीला ते सुचलं, हे मुद्दाम सांगायला हवं. सुचलं, आणि त्याच दमात तिला भिंतीला पाठ घासणारी चिमणी आठवली, सतरा अंगठे आठवले, ‘शिकली एकदाची’ आठवलं. तिने ताईचं मनगट पकडलं आणि दोन्ही हात भांड्याबाहेर उचलून सगळ्यांसमोर धरले.

“बघा,” ती म्हणाली. “बोट कापलंय ह्यांचं. त्यात हे द्रव गेलंय. ताई, दुखतंय?”

“कुठं?” ताईने विचारलं.

लॅबवालीने अंगठा त्या चिरेवर ठेवला आणि दाबला. रक्ताचा थेंब टेबलावर पडला.

“आता?”

ताईने बोटाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि लहान मुलासारखी मान हलवली. नाही.

“ह्या बोटांनी माल तपासतात ह्या,” लॅबवाली बायकांना म्हणाली. “चुरचुरलं नाही की बाटल्या भरतात. हेच तुम्ही लेकरांच्या अंगावर घालता.”

कागदाने जे झालं नव्हतं ते एका ‘कुठं’ने झालं. पुढच्या बाईने हातातली बाटली टेबलावर ठेवली, तीही जरा लांबून. मग दुसरीने, मग पिशवीत टाकलेल्याही निघाल्या. एक म्हातारी घाबऱ्याघाबऱ्या पुढे आली. “माझ्या नातवाच्या मानेवर आलंय ते ह्यानेच का गं?”

“असेल, आजी. सगळे कपडे साध्या पाण्यातून तीन-तीनदा काढा. बिनवासाचं काहीतरी घ्या, थोडंच टाका. आणि डॉक्टरांना दाखवा, घरी बसून राहू नका.”

पाच मिनिटांत टेबलासमोर कुणी उरलं नाही. ताईचा चेहरा पडला होता, अगदी हवा तसा. लॅबवालीने तो डोळे भरून बघून घेतला आणि मग तिला दंडाला धरून ओढतच मागच्या नळावर नेलं. राग रागाच्या जागी, पण कॉस्टिकचा हात वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धरायचा म्हणजे धरायचा. एकाच नळाखाली दोघींचे हात होते. तिचा लालबुंद झाला होता आणि आग आग होत होती. ताईचा पांढरा होता.

“आधी मला सांगायचंस,” ताई हळूच म्हणाली. “मग त्यांना.”

“फोटो छापायच्या आधी मला विचारलंत?”

ताईने पाण्याखाली हात उलटा केला. मग ती म्हणाली, “बाटली तर संपत होती. मी दर रविवारी बघत होते ना. मला वाटलं, माझ्याच द्रवाने…”

“फरशी धुतली मी त्याने.”

ताईने तिच्याकडे पाहिलं. आतापर्यंतचं काहीच तिला एवढं लागलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. “एकदा तोंडाने म्हणायचंस गं. हे वाईट आहे म्हणून. एकदा.”

“ऐकलं असतंत?”

ताईने खरोखर विचार केला. “नसतं ऐकलं,” ती म्हणाली.

सासूबाई रुमाल घेऊन आल्या. त्यांनी लेकीचं बोट घट्ट बांधलं. “झालं ना समाधान?” त्या सुनेला म्हणाल्या. “पोरीचं होतं नव्हतं ते घालवलंस. आता आवरू दे तिला, घरी जाऊ दे.”

“नाही झालं समाधान, आई,” लॅबवाली म्हणाली. ती टेबलाकडे गेली, खुर्ची ओढली आणि एक बाटली पुढ्यात ठेवली. “ताई, ही लेबलं काढा. सगळी. दुकानांतल्या बाटल्या उद्या परत आणायच्या, त्यांचीही. माझ्या मुलीची पाठ तुमच्या हातांनी लावलीत, तुमच्याच हातांनी काढा.”

“अगं, बोट कापलंय तिचं!”

“डावा हात आहे.”

“काढते,” ताई म्हणाली आणि येऊन बसली.

तिने बाटली मांडीवर घेतली आणि डाव्या हाताने लेबलाची कड शोधायला लागली. बोट कडेवरून गेलं आणि पुढे निघून गेलं. परत आलं, पुन्हा पुढे गेलं. कड त्याच्याखालीच होती, पण बोटाला ती लागत नव्हती. तिने बाटली डोळ्यांजवळ नेली, बघून बघून नख टेकवलं, नख काचेवरून घसरावं तसं घसरलं. तिने पुन्हा सुरुवात केली. तीन, चार, पाच वेळा. लॅबवाली हाताची घडी घालून समोर उभी होती. हेच बघायला ती आली होती, आणि तिने ते सगळं बघितलं, घाई केली नाही.

मग तिने दुसरी खुर्ची ओढली आणि ताईच्या हातातली बाटली घेतली. चुरचुरणाऱ्या नखाने तिने लेबलाचा एक कोपरा उचलला. फक्त कोपरा. आणि बाटली पुन्हा ताईच्या मांडीवर ठेवली.

“ओढा,” ती म्हणाली.

ताईने चिमटीत कोपरा धरला, धरलाय की नाही ते डोळ्यांनी बघून घेतलं आणि ओढला. लेबल निघालं. तोवर लॅबवालीने पुढच्या बाटलीचा कोपरा उचलून ठेवला होता.